रंगाखालचा पत्रा

"काका, यंत्र बंद पडलं!" बारकीची थोरली बहीण शिटी ओरडली.

बारकीच्या मास्कमधली औषधाची वाफ थांबली होती. सात वर्षांची ती पोर दम्यानं धापा टाकत होती. पुढे दरड कोसळलेली, मागे गाड्यांची रांग, फोनला रेंज नाही. आणि काकांनी हौसेनं व्हॅनमध्ये थाटलेल्या घराची बॅटरी उतरलेली!

"दोन तास इंजिन चालू आहे. मग ती चार्ज का होत नाही?" काकू रडकुंडीला आली.

"दुकानदारानं टोपी घातली! बॅटरीच बोगस," काका म्हणाले आणि कपाळाला हात लावून बसले. "रस्ता मोकळा होईपर्यंत काही इलाज नाही."

शिटी धाकट्या बहिणीची पाठ चोळत राहिली. दुसरं काय करणार? प्रत्येक श्वासाला बारकीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"बॅटरीच्या चार्जरचा दिवा बघ, मिणमिणतोय," काकांचा मुलगा पंडित कुजबुजला. चार्जरची माहितीपुस्तिका त्याला तोंडपाठ होती. "वीज येतेय, पण तिला परतीची वाट नाही! बॅटरीची काळी, मायनसची वायर कुठे जोडलीय?"

शिटीनं सीटखाली डोकं घातलं. वायर पत्र्याला बोल्टनं आवळलेली, पण खाली चकचकीत निळा रंग!

"काका, रंग खरवडला नव्हता?"

"बोल्ट घट्ट आहे ना? लुडबुड नको!"

"रंगातून वीज जात नाही, बाबा!" पंडित म्हणाला. "त्या वायरऐवजी तात्पुरती जंपर केबल लावून बघा ना!"

काका कुरकुरत उठले. इंजिन बंद करून त्यांनी केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं दाराजवळच्या पत्र्याला. इंजिन सुरू केलं. काहीच नाही!

"बघितलंस?" काका पंडितवर खेकसले.

शिटीच्या डोळ्यांत पाणी आलं. बारकीचे ओठ निळसर दिसत होते.

"तिथेही रंगच आहे!" शिटी किंचाळली. "इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा!"

या वेळी काका वाद घालत बसले नाहीत. इंजिन पुन्हा सुरू झालं. दिवा मिणमिणला... आणि हिरवागार तेवत राहिला! यंत्र घरघरलं. मास्कमध्ये वाफ आली.

सगळे बारकीच्या छातीकडे बघत होते. वीसेक मिनिटांनी तिचा श्वास संथ झाला.

"ताई, भूक लागली," ती म्हणाली.

काकू हसता हसता रडायला लागली. काकांनी इंजिन बंद केलं, पान्यानं बोल्ट सोडवला, पॉलिश पेपर काढला आणि बोल्टखालचा रंग पत्रा लखलखेपर्यंत घासला.

"आळस मी केला आणि शिव्या बॅटरीला घातल्या," ते म्हणाले. "पोरांनो, आज तुम्ही तिला वाचवलंत." त्यांनी पाना शिटीच्या हातात दिला. "आवळ, बाळा. मी तपासणार नाही."