घड्याळ थांबलंच नाही

"पोरी, घड्याळ हातात असलं की माणसाकडे बघायचं नाही. रेषेकडे बघायचं."

मैदानावरच्या पहिल्याच दिवशी घड्याळकाकांनी मला बजावलं होतं. शर्यतींची वेळ नोंदवणाऱ्या आम्हा तिघांत ते सर्वांत जुने. मी 'हो हो' म्हटलं आणि विसरले. संख्याशास्त्र शिकत होते; माणसांपेक्षा आकड्यांवर माझा भरवसा. लांब पल्ल्याच्या धावपटूंची वेळेनुसार यादी करून मी फलकावर लावलीही होती.

त्या फलकापाशीच तो भेटला. कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारा... बोटं ग्रीसने काळी, पोटऱ्यांवर मैदानातल्या रेषांचा ओला चुना.

"हा एकोणिसावा मीच," तो म्हणाला. "वरच्या अठरांपैकी अकरांना हरवलंय मी, मॅडम."

"हरवलं असेल... पण हळू."

"ते हरलेल्यांना सांगा. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

मला हसू आलं; मी ते दाबलं. "शेवटच्या फेरीपर्यंत तू दुसऱ्यांच्या मागे लपतोस. खरा धावपटू वाऱ्याशी भांडतो."

"वारा कुठे शर्यतीत असतो? माझं भांडण शेजारच्याशी."

"एकदा चांगली वेळ देऊन दाखव — यादी फाडून टाकेन."

"बघा हं... शब्द दिलाय."

निवडीची शर्यत दहा हजार मीटरची, पंचवीस फेऱ्यांची. तीस मिनिटांच्या आत जिंकेल तो थेट संघात. त्या दिवशी तो लपला नाही. पहिल्या फेरीपासून पुढे, एकटा, समोरचा वारा झेलत. शेवटच्या वळणावर त्याने मान वर केली आणि रेषेकडे नाही... माझ्याकडे पाहिलं.

"तीस मिनिटांना दोन दशांश सेकंद कमी!" काका ओरडले.

"माझं तीस मिनिटांच्या वर एक दशांश," दुसरे म्हणाले.

तीन घड्याळं असली की मधली वेळ धरतात. दोनच असली तर जास्तीची. सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातातलं घड्याळ अजून पळत होतं.

एक खोटा आकडा पुरला असता. तो गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडेच बघत होता...

"मी घड्याळ थांबवलं नाही."

"का?" निवड समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

"त्याच्याकडे बघत होते."

कुणीतरी शिट्टी मारली. कान तापले, पण मी मान खाली घातली नाही. "म्हणूनच सांगते, तो पहिला आला. सगळ्यांना मागे टाकून. ते कळायला घड्याळ कशाला लागतं?"

त्यांना लागलं. संघात गेला दुसराच, त्या दिवशी चौथा आलेला. म्हणे, कुठल्याशा जुन्या शर्यतीतली त्याची वेळ चांगली होती.

मी फलकासमोर उभी राहून यादीचे तुकडे करत होते, तेव्हा तो मागे येऊन थांबला.

"रागावलायस?" मी न वळताच विचारलं.

"मग! एवढ्या लोकांना सांगितलंस... आणि मला सर्वांत शेवटी?"

"तू ऐकलंस ना तिथेच?"

"ऐकलं. तरी... सांग."

मी वळले आणि सांगितलं. माझ्या गालाला ग्रीस लागलं.

आमची लेक आता सात महिन्यांची आहे. तिच्या छातीत कालपासून घरघर आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. मी तरी तेच घड्याळ घेऊन तिचे श्वास मोजत बसलेय. आणि आज तो पुन्हा धावतोय. समितीने त्याला कळवलं होतं, 'तुमच्या वेळा आता मंदावल्यात, कशाला येता?' तो लेकीसाठी घरी थांबणार होता. मीच बूट पुढ्यात ठेवले. म्हटलं, जा, आणि सगळ्यांना हरवून ये.

तर एक करा. मैदानावरून जाणार असाल, तर शेवटच्या वळणापाशी जरा थांबा. तो नीट आहे का, पुढे कुणी आहे का, बघून मला कळवा. वेळ नको. घड्याळ तर नेऊच नका.

त्याच्याकडे बघा.