इंद्रायणीचं दुसरं बारसं

त्या दुपारी मी फक्त डबा द्यायला गेले होते. भोसरीला माझे धाकटे दीर साहेबराव यांचा पितळेच्या ओतकामाचा छोटा कारखाना होता. सोबत नणंद तानुबाई होत्या.

आत साखळीला जहाजाची एक घंटा टांगलेली दिसली. चिंच लावून घासल्यामुळे तिच्यावरची अक्षरं लखलखत होती... ‘इंद्रायणी’.

नौदलात जुनं जहाज मोडीत निघालं की त्याचं नाव नव्या जहाजाला देतात. जुनी घंटाही नव्यावर चढते. नवी ‘इंद्रायणी’ मुंबईला तयार होत होती. झिजलेला लोलक बदलायचं काम साहेबरावांनी मुद्दाम मागून घेतलं होतं. त्यांचे थोरले भाऊ भीमराज, म्हणजे माझे यजमान, जुन्या ‘इंद्रायणी’वर खलाशी होते.

“देहूत दाराशी इंद्रायणी वाहते, आणि मी मुंबईला जाऊन इंद्रायणीत बसतो,” असं म्हणून ते स्वतःच हसायचे. जहाज बंदराला लागलं की दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. पाऊल न वाजवता यायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे. त्या घंटेवर टोले देण्याचं काम त्यांचं होतं. बारा वर्षांपूर्वी एका वादळात ते डेकवरून समुद्रात पडले. सापडले नाहीत.

“वहिनी, घंटा मुकी झालीय,” साहेबराव म्हणाले. त्यांनी लाकडी हातोडा मारला. ओल्या मातीवर पडावा तसा आवाज आला. “भेग नाही, काही नाही. संध्याकाळी नौदलाचे साहेब येतायत. वाजली नाही तर नवी ओतून घेतील. ही भट्टीत जाईल.”

मी घंटेवर तळवा टेकवला. त्यांचा रोज हात लागलेली एवढी एकच वस्तू जगात उरली होती.

तानुबाईंनी कमरेवर हात ठेवले. “आरं, पर हिचं बारसं केलंय का? नवं जहाज म्हंजी नवा जलम. कानात नाव सांगितल्याबिगर लेकरू हुंकार देतंय व्हय? आन् आत्या तर हितंच उभी हाय!”

“मावशी, घंटेला कान कुठाय?” किसन नावाचा कामगार हसला.

“तोंड हाय तितंच कान. तुझ्यावानी न्हाई, नुसतं तोंडच!”

सगळे हसले. तानुबाईंनी पदर सावरला, डोकं घंटेत घातलं आणि ओरडल्या, “कुर्रर्र... इंद्रायणी!”

रीतीप्रमाणे साहेबराव आणि किसन यांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. माझ्या हातात नवा लोलक होता, मी नुसती पाहत राहिले.

मग भट्टीच्या धुरात कुठून तरी ओल्या दोरखंडाचा, खाऱ्या पाण्याचा वास आला. आणि लोलक नसलेली ती घंटा वाजू लागली. टण-टण... टण-टण... जोडीजोडीनं, आठ टोले. आठ टोले म्हणजे पाळी संपली, पुढच्यानं यावं. त्यांनीच मला सांगितलं होतं.

घाबरायचं कुणाला सुचलंच नाही. किसननं नाच केला, साहेबरावांनी पेढे मागवले. संध्याकाळी नौदलाच्या साहेबांनी बोटानं टिचकी मारली, घंटा गाऊ लागली. हसतच ते तिला घेऊन गेले.

साहेबराव बसच्या थांब्यावर सोडायला आले, तेव्हा तानुबाई पाठ चोळत होत्या. “सायबा... तुमी दोघांनीच मारलं न्हवं?”

“हो. का?”

“मग तिसरा धपाटा... दादा मारायचा तसा... समद्यांत जोरात...”

त्यांच्या हिरव्या लुगड्यावर, पाठीमागे, ओला पंजा उमटला होता. कडेनं मीठ पांढरं होत होतं.

ते लुगडं आम्ही कधी धुतलं नाही. नवं जहाज पहिल्या सफरीवर निघालं, तेव्हापासून पंजा ओलाच राहिला. तानुबाई हसून म्हणतात, “दादा कामावर हाय.” मलाही आता हसू येतं.

आजच्या पेपरात आलं, ‘इंद्रायणी’ काल बंदराला लागली. सकाळी पाहिलं तर लुगडं कोरडं होतं, पंजा नव्हता.

आज दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

“वहिनी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुझी पाठ... कशानं भिजली गं?”