पर्पेच्युआच्या दिव्याची तक्रार

एकतीस वर्षं मी वीज कंपनीत लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. दुरुस्त एकही केली नाही. ते खातं वेगळं होतं. पण आमच्या गिरगावच्या वाडीला हा फरक कधी पटला नाही. कुणाचा पंखा अडला की, “शरदचंद्रांना बोलवा.” निवृत्तीनंतर एवढाच मान उरतो, म्हणून मीही जातो.

समोरच्या घरातली पर्पेच्युआ माझ्याच वयाची. नवरा निकोलस दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून एकटी. तिच्या दिवाणखान्यातला दिवा रोज संध्याकाळी फडफडायचा. भाचा मॅल्कम बजावून गेला होता, “आंटी, वायरिंग सत्तर वर्षांचं आहे, आग लागेल. रविवारपर्यंत नीट झालं नाही तर घराला कुलूप आणि तू वसईला माझ्याकडे.”

“वसईला मी कोणाशी बोलू रे?” ती मला म्हणाली.

“इथं तरी कोणाशी बोलतेस?”

तिने दिव्याकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी बुधाजी वायरमनला घेऊन गेलो. त्याने बल्ब बदलला, होल्डर बदलला, चिनीमातीचे फ्यूज घासले. मी खुर्चीत बसून देखरेख केली, म्हणजे चहा प्यायलो. दिवा शांत होता. सात वाजले तशी पर्पेच्युआ जपमाळ घेऊन घरातल्या वेदीसमोर बसली.

त्यांच्या ख्रिस्ती लोकांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सगळ्यांनी मिळून म्हणायची. एकाने प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला. पर्पेच्युआने आपला अर्धा म्हटला आणि मान खाली घालून थांबली. खोलीत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. त्या शांततेत दिवा फडफडू लागला. सहा-सात सेकंद... मग थांबला. तिने पुढच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हटला, थांबली. पुन्हा दिवा.

बुधाजी शिडीला धरून उभा होता. “साहेब... लूज कनेक्शन असं आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही...”

“तू कामाचं बघ,” मी म्हणालो. कारकून घाबरला की हेच म्हणतो.

रविवारी सकाळी बुधाजीने भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या उघडल्या. आत कापडी वेष्टणाची वायर आणि निकोलसने कधीतरी स्वतः मारलेला एक सैल जोड सापडला. मला हायसं वाटलं. सगळी वायर नवी घातली. दुपारी मॅल्कमने प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून पाहिलं आणि म्हणाला, “ठीक आहे अंकल. राहू दे तिला.”

घर वाचलं. पर्पेच्युआ मात्र जोडाचा काढलेला तुकडा हातात घेऊन बसली होती. “दिवा बरा केलास रे शरद. पण आता मी थांबायचं कोणासाठी?”

त्या संध्याकाळी सातला मी तिच्याकडे जाऊन बसलो. अपराधी वाटत होतं, दुसरं काय. तिने पहिला अर्धा म्हटला आणि थांबली. दिवा नव्या भरतीच्या कारकुनासारखा ताठ. मला त्यांची प्रार्थना येत नाही. मी डोळे मिटले, ओठही मिटले. ती मात्र न अडखळता पुढे म्हणत गेली.

डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवलेला दिसला.

“शेवटी शेवटी घाई करतोस,” ती म्हणाली. “निकोलससारखीच.”

“मी? मी तर गप्प होतो...”

“बरं बरं,” कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तशी ती म्हणाली. “उद्या सातला ये.”

त्याला आठ महिने झाले. रोज जातो, गप्प बसतो आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटतं. पर्पेच्युआ घरात आहे, मॅल्कम समाधानी आहे, दिव्याची तक्रार नाही. परत आलो की माझी बायको उर्मिला काही न विचारता गुळण्यांसाठी मिठाचं गरम पाणी पुढे करते. तासभर मोठ्याने बोलल्यावर बसावा, तसा माझा घसा बसलेला असतो.