चाळीस पायांची जागा

राही मांडवकरला कुणी "तुला जमणार नाही" म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजा. बाई तशी शांत, पण हट्टाला पेटली की ऐकायची नाही. भाट्ये गावात माडांच्या सावलीत, महिला मंडळाच्या हॉलमध्ये तिचा टायपिंगचा क्लास होता. सन अठ्ठ्याऐंशी. मुली कमी होत चालल्या होत्या, आणि ज्या येत त्या विचारत, "बाई, कॉम्प्युटर कधी आणणार?"

महिला मंडळाच्या अध्यक्ष यमुनाबाईंनी तर रोखठोक सांगून टाकलं. "रविवारी मंडळासमोर कॉम्प्युटर चालवून दाखवा. चालला तर हॉल तुमचा, मुलीही तुमच्या. नाहीतर कोल्हापूरची कॉम्प्युटर क्लासवाली पार्टी हॉल घ्यायला तयार बसलीय." म्हणजे न चालला तर क्लासला टाळंच. तयार मशीन राहीच्या आवाक्याबाहेरचं. मग तिने ठरवलं, सुटे भाग आणायचे आणि स्वतःच जोडायचा.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने बाईमाणूस बघून आधी कीबोर्ड पुढे सरकवला. राही म्हणाली, "आधी मदरबोर्ड दाखवा. भिंत कुठे ते ठरल्याशिवाय दरवाजा घेऊन काय करू?" तेव्हा कुठे तो नीट बोलायला लागला. एका बोर्डावर मेमरीची घरं कमी होती. दुसऱ्यावर खाचा इतक्या दाटीने की डिस्प्लेचं कार्ड आणि फ्लॉपीचं कार्ड एकमेकांना घासलं असतं. तिसरा तिने उलटासुलटा करून बघितला आणि तोच धरला. मग त्याला जुळणारा पॉवर सप्लाय, त्याला चालणारा कीबोर्ड, कारण दोन जातींचे कीबोर्ड दिसायला सख्खे भाऊ आणि वागायला वैरी. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, वेगळा घ्यावा लागला. काळी लांबट चिप, दोन्ही अंगांना मिळून चाळीस पाय, अगदी गोमेसारखी. सिगरेटच्या चांदीत गुंडाळून ती राहीने एसटीत रात्रभर मांडीवर धरली.

शनिवारी सकाळी जोडणी सुरू झाली. एकेक भाग असा बसत गेला की राहीला गुणगुणावंसं वाटत होतं. पॉवरच्या काळ्या तारा काळ्यांशेजारी, कार्डं आपापल्या खाचेत, मेमरी आपापल्या घरात. शेवटी प्रोसेसर, आणि तिथेच उत्साह नडला. एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडला. चिप काढून चिमट्याने पाय सरळ करायला गेली तर तो तुटून टेबलावर पडला. एक पाय गेला की उरलेले एकोणचाळीस फुकट.

मुंबईला ट्रंक कॉल लावला. दुकानदार दुसरी चिप पार्सलने पाठवतो म्हणाला, पण यायला आठवडा. राही खुर्चीत बसून रडली. आयुष्यात एवढी ती कधी रडली नव्हती.

रविवारी सकाळी राजापूरच्या गाडीने आई-वडील, येसूबाई आणि बाबाजी, आले. लेकीच्या मशीनचा मुहूर्त म्हणून येसूबाईंनी गावचा नारळ आणला होता. बाबाजी म्हणजे गावात गाऱ्हाणं घालणारा माणूस. ढोर आजारी पडो, विहीर खणायची असो, बाबाजी नारळ ठेवून गावच्या देवराईतल्या जागेवाल्याला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, साकडं घालत आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणत.

"बाबा, उगाच नको. यात मेंदूच नाही," राही म्हणाली.

"तू गप ऱ्हा गो बाय. सांगून तर बघू."

उघड्या डब्यासमोर बाबाजींनी नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा जागेवाल्या म्हाराजा, जितं अससील तितून ये. लेकीच्या कामात काय उणा-दुणा असात ता तू भरून काड."

"व्हय म्हाराजा," येसूबाई म्हणाल्या. आणि राहीही म्हणाली, सवयीने.

नारळ फोडून झाल्यावर येसूबाईंनी हळूच विचारलं, "मुदत नाय सांगितलात ती?"

कारण गाऱ्हाण्यात मुदत सांगायचीच असते. भात झोडून होईपर्यंत ये, विहिरीला पाणी लागेपर्यंत थांब, मग आपल्या जागेवर जा. बाबाजींनी डोकं खाजवलं. "ह्या कामाची मुदत मला काय ठावूक? दाब बटन."

वडिलांचं मन राखायला म्हणून राहीने बटण दाबलं.

पंखा फिरला. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि मशीन मेमरी मोजायला लागलं.

राहीने डब्यात वाकून बघितलं. सॉकेट रिकामं. टॉर्च मारून चाळीसही भोकं बघितली. आत काही नव्हतं. फक्त ओल्या कातळाचा वास येत होता, आणि भर मे महिना होता.

विचार करायला वेळ नव्हता. राहीने झाकण लावलं आणि स्क्रू आवळले.

दुपारी मंडळ जमलं. खुर्च्या कमी पडल्या, बायका व्हरांड्यात उभ्या राहिल्या. यमुनाबाई पुढे आल्या. "मी सांगते तो गुणाकार करून दाखवा. तीनशे सत्तेचाळीस गुणिले..." आणि पदर सारखा करायला त्या थांबल्या.

राहीने पहिला आकडा टाईप केला. पडद्यावर उत्तर आलं.

यमुनाबाईंनी मनात हिशेब केला. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. "बरोबर आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पण दुसरा आकडा मी सांगितला कुठे?"

तोपर्यंत टाळ्यांचा कडकडाट झाला होता. पोरीबाळी राहीभोवती गोळा झाल्या. त्या संध्याकाळी नावं नोंदवायला लागलेली रांग माडांच्याही पुढे गेली होती. कोल्हापूरची पार्टी कोल्हापुरातच राहिली. राहीला वाटलं, आपण दोन बोटं उंच झालोय. आणि का वाटू नये? बोर्ड तिने निवडला होता, जोडला तिने होता.

पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. क्लास सुरू व्हायच्या आधी राहीने मशीन बंद केलं, प्लग काढून ठेवला आणि झाकण उघडलं. नवी चिप, सगळे पाय सरळ. या वेळी तिने जराही घाई केली नाही.

पाय भोकांच्या तोंडाशी येऊन थांबले.

तिने अंगठ्याने दाबलं. चिप खाली जाईना.

तिने चिप काढली आणि रिकाम्या सॉकेटवर बोट ठेवलं. जागा गरम होती. बोटाखालून काहीतरी हळूच वर आलं, आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं.

आठवडाभर लेकीकडेच राहिलेले बाबाजी मागे उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"माझी चूक झाली. मी मुदत बोललो नाय. नारळ आण, त्याला मोकळा करूया. गावातनं सांगावा आलाय, देवराईत पाखरू बोलत नाय."

बाहेर व्हरांड्यात मुली येऊन थांबल्या होत्या. कोण आधी बसणार यावरून त्यांची हुज्जत चालली होती. एवढ्या जणी आणि मशीन एकच.

राहीने झाकण लावलं.

"नको, बाबा."

"राही."

"आपल्या बाजूला असे जागेवाले अजून किती असतील?"

बाबाजींनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाले, "वाडीगणिक एक."

राहीने मुंबईला फोन लावला. दुकानदाराने आवाज ओळखला आणि चिप पोचली का म्हणून विचारलं. राही म्हणाली, पोचली. अजून पाच मदरबोर्ड पाठवा, तसलेच. पाच पॉवर सप्लाय, पाच कीबोर्ड, सगळी कार्डं. तो खूश होऊन एकेक लिहून घेत होता.

"आणि प्रोसेसर पाच?"

"ते नकोत," राही म्हणाली. "ते इकडे मिळतात."