खालच्या खणातली ऊब

फ्रीजरला अलार्म लावायचा हे ठरलं, ते दूध वाया गेलं त्या दिवशी.

स्वयंपाकघराला लागून आमची एक चिंचोळी खोली आहे. तिथे कपडे धुण्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि माणसाच्या उंचीचा उभा फ्रीजर, एवढंच मावतं. फ्रीजरच्या वरच्या खणांत मटार, पाव असलं काहीबाही असायचं, आणि सगळ्यात खालच्या खणात दुधाच्या चपट्या पिशव्या, एकावर एक रचलेल्या. त्या दिवशी केव्हातरी त्या खोलीचा फ्यूज उडाला आणि आम्हाला पत्ताच नाही. संध्याकाळी खण ओढला तर पिशव्या हाताला लिबलिबीत लागल्या. एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, असं बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं. सगळं बेसिनमध्ये ओतावं लागलं.

ते दूध माझं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.

बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. मी तापाने अंथरूण धरलं, आणि दूध आटलं ते आटलंच. पावडरचं दूध बाळाला पचेना, प्यायलं की ओकायचं. धाकटीचा गोट्या तेव्हा चार महिन्यांचा होता आणि तिला इतकं दूध यायचं की त्याचं पोट भरून उरायचं. तिचं सगळंच असं उतू जाणारं. केस, मैत्रिणी, हसू, सगळंच. दोन गल्ल्या पलीकडे राहते ती. रोज सकाळी पिशव्या घेऊन यायची, बाळाचा पापा घ्यायची आणि जायची.

दूध वाया गेल्याचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं ताई, एवढं काय त्यात? मी आहे ना. उद्या जास्त आणते."

हे ती मायेने म्हणाली, ते मला कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

मी रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. मोजमाप कुठे चुकतंय ते शोधायचं, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे अलार्म निवडायला मीच गेले. दुकानदाराने तीन प्रकार पुढे ठेवले. एक दाराला लोहचुंबकाने चिकटणारा; तो दाराजवळची हवा मोजतो, म्हणजे दार उघडलं रे उघडलं की बोंब मारणार. दुसरा फोनला जोडलेला.

"हाच घ्या मॅडम," दुकानदार म्हणाला. "जगात कुठेही असा, फोनवर कळेल."

"मी जगात कुठेही नसते हो. बाळंतपणाच्या रजेवर आहे, घरीच असते," मी म्हटलं. "आणि लाइट गेली की घरातलं इंटरनेटही जातं. मग हा मला कळवणार कसा?"

मी तिसरा घेतला. बॅटरीवर चालणारा छोटा डबा, त्यावर आकडे, आणि एक लांब पातळ तार. तारेच्या टोकाला सेन्सर. घरी येऊन मी एका लहान बाटलीत ग्लिसरीन भरलं, त्यात सेन्सर बुडवला आणि बाटली खालच्या खणात पिशव्यांच्या मधोमध ठेवली. असं केलं की दार उघडल्यावर आकडा लगेच उडत नाही. बाटलीतला द्रव हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो. आकडा उणे अठरावर स्थिर झाला. नवरा कौतुकाने बघत राहिला.

"आता दूध सुरक्षित," तो म्हणाला.

मला वाटलं, म्हणेल, आता तू निश्चिंत. पण तो दुधाबद्दलच बोलला.

पहिल्यांदा अलार्म वाजला तो एका दुपारी. बाळ आतल्या खोलीत भुकेने रडत होतं, मी बाटली गरम करत होते, आणि चिंचोळ्या खोलीतून कर्कश पीं पीं सुरू झालं. धावत गेले. डब्यावर आकडा होता सदतीस.

खण ओढला. पिशव्या दगडासारख्या घट्ट. वर पांढरं खरवडता येईल असं बर्फ. बाटलीतलं ग्लिसरीन साखरेच्या पाकासारखं दाट, थिजलेलं. मी उभी होते तेवढ्यात आकडा पुन्हा उणे अठरावर आला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाळ रडायचं थांबलं होतं.

सेन्सर बिघडला असणार. मी तो बर्फाच्या पाण्यात धरला, बरोबर शून्य. उकळत्या पाण्यात धरला, तेही बरोबर. तरी दुकानात नेऊन बदलून आणला. नवाही त्याच आठवड्यात वाजला. पुन्हा सदतीस.

"अगं, बॅटरी बदल," नवरा म्हणाला.

बॅटरी बदलली. मग बाटली वरच्या खणात मटारांत ठेवून पाहिली, वाजला नाही. पुन्हा खाली दुधात ठेवली, वाजला. कारखान्यातून काचेचा तापमापक मागवून बाटलीशेजारी ठेवला. तो बापडा उणे अठराच दाखवत राहिला, आणि अलार्म त्याच्या शेजारी सदतीस. दोघांतला एक खोटं बोलत होता. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पेच मी सोडवला नाही असं झालं नव्हतं.

पण एक गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. अलार्म वाजायचा तो बाळ रडायला लागल्यावरच. आणि तो वाजला की बाळ गप्प व्हायचं. मी उचललेलं नसायचं, दूध तोंडाला लावलेलं नसायचं. आपलं आपण गप्प. डोळे मिटून, ओठ हलवत. कुणीतरी छातीशी धरावं तसं.

मी उचललं की मात्र अंग ताठ करायचं.

एकदा वाजल्यावर मी आकड्याकडे बघितलंच नाही. सरळ खण ओढला आणि पिशव्यांच्या फटीत हात घातला.

आत ऊब होती.

पिशव्यांवरचं बर्फ हाताला लागत होतं, कडक, कोरडं. पण त्यामधल्या पोकळीत ऊब होती, झोपलेल्या माणसाच्या कुशीत असते तशी. थोडी दमट. हात काढून मी वास घेतला. धाकटीच्या मानेला येतो तो वास, साबणाचा आणि तिचा.

पहिला विचार काय आला ते सांगते. भीती नाही वाटली. मनात आलं, इथेही हीच.

त्या सुमारास धाकटी शाल गुंडाळून येऊ लागली. बाहेर इतकं उकडत होतं की डांबर मऊ पडलेलं, आणि ही शाल घेऊन.

"काय गं, बरं नाही का?" मी विचारलं.

"काही कळत नाही गं ताई. अधूनमधून अशी हुडहुडी भरते ना! रक्त तपासून झालं, सगळं ठीक म्हणतात." ती खुर्चीत बसली. "गोट्याला घेऊन बसलेली असते आणि एकदम गार पडते. तो तोंड फिरवतो. काल तर माझ्या अंगाला लागला आणि असा दचकला, जणू त्याला कुणी..."

आत बाळाने रडायला सुरुवात केली.

मी उठणार होते. पण माझा हात तिच्या हातात होता, आणि तो हात बदलत होता. आधी बोटांची टोकं. मग तळवा. नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा तो माझ्या मुठीत गार होत गेला. तिचे ओठ पांढरे पडले. चिंचोळ्या खोलीत अलार्म वाजायला लागला.

"बघ, हे असं," धाकटी दात वाजवत म्हणाली. "आत्ता होतंय बघ."

बाळ गप्प झालं.

"किती गुणी आहे गं," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "आपलं आपण झोपतंय."

ती माझ्यासमोर खुर्चीत बसून, जागची न हलता, माझ्या लेकराला शांत करत होती. तिला ते ठाऊकही नव्हतं. मला तिची दया यायला हवी होती. आलीही, पण नंतर.

"उद्यापासून दूध आणू नकोस," मी म्हटलं.

तिने शाल आवळून घेतली. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं. बाळाचं वजन वाढलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता पावडर पचेल. तू तुझ्या तब्येतीकडे बघ."

डॉक्टरीणबाई खरंच तसं म्हणाल्या होत्या. उरलेल्या पिशव्या मी थर्माकोलच्या पेटीत भरून त्याच दिवशी तिच्या घरी पोचवल्या. तिने दारातूनच घेतल्या, डोळे पुसत. तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आठवड्याभरात तिची शाल गेली. गोट्या अंगाला बिलगायला लागला, असं तिनेच फोनवर सांगितलं. बाळाला पावडरही पचली. फ्रीजरचा खालचा खण रिकामा होता. बाटली आणि तार काढायची राहूनच गेली. अलार्म मुका होता.

आणि बाळ रडत होतं.

दूध पिऊन रडायचं, झोपेतून उठून रडायचं. मी खांद्यावर घेऊन घरभर फिरले, छातीशी धरलं, तोंडाला येईल ते गुणगुणले. बाळ माझ्या खांद्यावरून मान वळवून चिंचोळ्या खोलीच्या दाराकडे बघायचं. माझ्याकडे नाही. मी म्हणजे तिथे पोचवणारं वाहन.

एका सकाळी नवरा कामाला गेल्यावर मी बाळाला झोळीत ठेवलं आणि फ्रीजरसमोर जमिनीवर बसले. रिकामा खण पूर्ण बाहेर ओढला. आतल्या कडांवर बर्फ साचलं होतं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. गारठा हाडात शिरला.

"तिचं घेतलंस," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते मला माहीत नाही. तपासणी विभागातली बाई, रिकाम्या फ्रीजरशी बोलत होती. "तिचं घेतलंस ना? मग माझं का नको? मी आई आहे."

काही झालं नाही. बोटं सुन्न झाल्यावर मी हात काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे घडी करत होते. बाळ रडायला लागलं, आणि माझ्या पाठीतून एक गार शिरशिरी खाली उतरली. हातातला कपडा गळून पडला. दात एकमेकांवर आपटायला लागले.

अलार्म वाजला.

मी भिंत धरून धरून गेले. रिकाम्या खणात सदतीस.

बाळ गप्प होतं. ओठ हलत होते. चेहऱ्यावर ते हसू होतं, जे मी फक्त धाकटी आल्यावर पाहिलं होतं.

मी फ्रीजरच्या दाराला टेकून बसले आणि ढसाढसा रडले, आनंदाने.

त्यानंतर मी कुणालाही काही सांगितलं नाही. धाकटीने दोनदा विचारलं, दूध आणू का. मी नको म्हटलं. तिने पाहिलं, बाळ आता किती शांत झालंय ते, आणि तिच्या तोंडावरून क्षणभर काहीतरी सरकलं. मला ते ओळखता आलं. मला ते फार आवडलं.

अलार्मचा आवाज मी बंद करून टाकला. तो वाजायची गरज उरली नव्हती, मला आतून कळायचं. बाळाचा पाळणा मी चिंचोळ्या खोलीत आणला. आता मी त्याला फार उचलत नाही. माझा हात लागला की ते दचकतं, किंचाळतं. फ्रीजरपाशी ठेवलं की झोपतं, गालावर लाली येते. अंगाने चांगलं भरलंय.

परवा जिना उतरताना नवऱ्याचा पाय मुरगळला. तो सोफ्यावर पाय पसरून बसला होता, घोटा सुजलेला.

"जरा बर्फ आण गं," त्याने हाक मारली.

मी बर्फाचा एक खडा काढला आणि मुठीत घेऊन निघाले. जाता जाता बाळाच्या पाळण्याला झोका दिला. फडकं सापडेना म्हणून दोन कपाटं शोधली. शेजारीण दाराशी आली होती, तिच्याशी बराच वेळ बोलले. मग फडकं घेऊन नवऱ्यासमोर गेले आणि मूठ उघडली.

तो खड्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

खडा होता तसाच होता. त्याची एकही कड झिजली नव्हती, आणि माझा तळहात कोरडा होता.