सर्व्हरच्या खोलीतलं फडकं

सांगते, पण मध्येच हसू नका. दवाखान्यात मी सफाईला आहे आणि आमचा पहिला नियम एकच. एका खोलीचं फडकं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही.

त्या दुपारी मी सर्व्हरची खोली पुसायला गेले. खिडकी नाही, कायम गारठा, पंख्यांची घरघर. सकाळपासून सगळे कॉम्प्युटर बंद. माझ्या धाकट्या बहिणीचे रिपोर्ट आत अडकलेले, आणि रिपोर्टशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. तिकडे ती कण्हत पडलेली.

"काय झालं, साहेब?"

"अपडेट होत नाहीये, मावशी. ऐंशी टक्क्यांवर जातं, की पुन्हा मागे. चौथी वेळ." इंजिनियर साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. "म्हणतंय, आत कोणीतरी काम करतंय. आधी त्याला बाहेर काढा."

"मग काढा की!"

"काढतोय... पुन्हा येतो. याच कीबोर्डवरून."

कीबोर्ड जुन्या इंजिनियरचा. तो याच खुर्चीत गेला, त्याला तीन महिने झाले. नखं कुरतडायची घाणेरडी खोड त्याला. तुकडे बटणांवर थुंकायचा आणि वेचायची मी.

वाकून बघितलं. बटणांच्या फटीत नखं. ताजी, लाळेनं ओली. न धुतलेल्या तोंडाचा आंबूस भपकारा आला.

"तुम्ही खाता नखं?"

साहेबांनी हात पुढे केले. नखं नीट कापलेली.

माझं डोकंच फिरलं. "मेल्या," मी खुर्चीला म्हणाले, "मेलास तरी घाण सुटली नाही तुझी? माझी बहीण जातेय तिकडे. ऊठ! नीघ इथून!" आणि फडक्यानं सगळं खरवडून काढलं. चिकट, तार सुटत होती.

खुर्चीची दबलेली गादी... सावकाश वर आली.

"एक्क्याऐंशी," साहेब कुजबुजले.

हातातलं खिशात कोंबून मी वॉर्डाकडे पळत सुटले. थोड्या वेळात रिपोर्ट आले, एकच धावपळ उडाली. धाकटीच्या ओठांना फेस आला होता. खिशात हाताला लागलं त्यानं तिचं तोंड पुसलं. स्ट्रेचर दाराआड गेलं, तेव्हा कुठे माझं लक्ष हातातल्या फडक्याकडे गेलं.

ऑपरेशन छान झालं. आता ती माझ्याकडेच आहे.

काल जेवण वाढलं, तर ताटाच्या काठावर नखांचे ओले तुकडे.

"शी! हे काय गं?"

मी तिचे हात ओढून बघितले. दहाच्या दहा नखं शाबूत होती... आणि ती अजून चावतच होती.