पळसाच्या पाण्याचा माग

"रक्षा, टाकी पुन्हा रिकामी!" गच्चीवरून स्वप्निल ओरडला.

आष्टीच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. आठवीतल्या रक्षा, जागृती आणि स्वप्निल यांनी शाळेमागे लावलेली कडुनिंबाची रोपं सुट्टीत जगवायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी कोरडी! रोपं माना टाकू लागली होती.

"शाळेशेजारचे चिंधूकाकाच नेऊन राह्यले पाणी, बकऱ्यांसाठी!" रक्षा म्हणाली. तिनं ते मुख्याध्यापिका कांता मॅडमना सांगूनही टाकलं.

चिंधूकाका शाळेत आले ते हिरमुसले होऊन. "मी त आठवडाभर बकऱ्या घेऊन तळेगावले होतो, पोरी. कालच आलो."

रक्षाचा चेहरा पडला. "काका, माझं चुकलं. न पाहता बोलली मी."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मॅडम मात्र म्हणाल्या, "आता पुरे! पाणी असंच वाया जाणार असेल, तर सोमवारपासून मोटर बंद."

मग स्वप्निलला वाटलं, जमिनीतला पाइप फुटला असेल. तिघांनी पाइपाच्या कडेकडेनं खणलं. माती खडखडीत कोरडी!

रक्षानं कुदळ खाली टाकली. "मी नाई येत आता. सगळे हसतीन मले."

"हसू दे ना!" जागृती घाम पुसत म्हणाली. "काका नाई, पाइप नाई, इतकं त समजलं! गणित चुकलं की आपण पुस्तक फेकतो का? कुठं चुकलं ते पाहतो."

रक्षा खणलेल्या मातीकडे पाहत खाली बसली. मग एकदम उठली. "आपण नुसता अंदाज बांधला! पाणी जाते कुठं, हे पाह्यलंच नाई!"

होळीसाठी जमवलेली पळसाची फुलं जागृतीच्या घरी उरली होती. ती भिजवून गडद केशरी पाणी तयार झालं. मॅडमना विचारून संध्याकाळी त्यांनी ते भरलेल्या टाकीत ओतलं.

सकाळी तिघं शाळेभोवती फिरले. मागच्या नालीत केशरी ओघळ! त्या ओघळाच्या कडेनं ते शाळेच्या नव्या खोलीच्या बांधकामापाशी पोचले. पत्र्यांच्या आड विटा भिजवायचा हौद भरून वाहत होता.

स्वप्निल धावत जाऊन मॅडमना घेऊन आला.

"शाळेच्या पाण्याले आमी हात नाई लावत," कंत्राटदार लक्ष्मणराव ठसक्यात म्हणाले. "आमचं पाणी टँकरचं!"

"मंग टँकरचं पाणी केशरी काऊन, काका?" रक्षानं विचारलं.

लक्ष्मणरावांनी हौदात डोकावून पाहिलं. मग हौदातल्या नळीमागे चालत गेले. नळी थेट टाकीच्या नळाला जोडलेली होती आणि नळ उघडाच होता!

"आमच्या माणसाईनं जोडली असंन," ते ओशाळून म्हणाले. "मी एकदाही पाह्यलं नाई. आज दुपारीच टँकर पाठवतो रोपांसाठी."

मॅडमनी रक्षाला जवळ घेतलं. "तुझा पहिला अंदाज चुकला, तेव्हा मी मोटरच बंद करायला निघाले होते. तू मात्र शोधणं सोडलं नाहीस. शाबास पोरांनो! शाळा उघडली की प्रार्थनेनंतर सगळ्यांना हे सांगायचं."

"आमचं चुकलं, तेही?" स्वप्निलनं घाबरत विचारलं.

"तेच आधी!" रक्षा म्हणाली, आणि बादली उचलून रोपांकडे धावली.